आबेलने अंथरलेली चटई

झुल्मिराला स्वयंपाक येत नाही, हे आधीच सांगून टाकते. तिने शिजवलेला मका कोंबड्यासुद्धा हुंगून पुढे जातात. पण राजधानीत, दिली शहरात शिकून परत आली आणि पोरीने आमच्या सगळ्या टेकडीची झोप उडवली. कॉफी वेचता वेचता बायकांना त्यांचे हक्क समजावायचे, बरोबरीची पोरंपोरी जमवून बाजारात नाटकं करायची, हे तिचे उद्योग. माझा नवरा आबेल गावप्रमुख. त्याच्या डोक्याला ती कायमचा ताप. मला मात्र फार आवडायची.

यंदा गावाला एक नळ मंजूर झाला. एकच. पुरुषांनी बैठक घेऊन तो वर, चर्चपाशी बसवायचं ठरवलं, कारण त्यांच्या गप्पा तिथे रंगतात. पाणी भरणाऱ्या बायका राहतात खालच्या वस्तीत, आणि ओढ्याची ती निसरडी वाट उतरताना बिकोली आजीचं कंबरडं मोडलेलं. झुल्मिराने बायकांना मक्याचे दाणे वाटले आणि दोन टोपल्या मांडून मतदान घेतलं. खालच्या वस्तीची टोपली शिगोशीग भरली.

आबेलचं पित्त खवळलं. "आता गाव कोंबड्यांच्या दाण्यांवर चालणार का?" म्हणाला, आणि त्याने चटई अंथरायचं जाहीर केलं. आमच्यात तंटा चटईवरच सुटतो. तक्रारीत ज्याचं नाव येईल त्याने चटईवर येऊन बोलायचं, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ती गुंडाळायची नाही. झुल्मिरा दोषी ठरली असती तर तिला दंड, तिचा गट बंद, आणि नळ वर. तिची आई आदल्या दिवशीच रडून मोकळी झाली होती.

रूढीचे जाणकार माऊलेकी आजोबा पान चघळत मधोमध बसले. आबेल तावातावाने बोलला, "हिने प्रत्येक घराचा अपमान केलाय! गावातली प्रत्येक बाई हिने बिघडवलीय!"

झुल्मिराचा चेहरा एकदम खुलला. "आजोबा, प्रमुखांनी कुणाचं नाव घेतलं?"

"प्रत्येक बाईचं," आजोबा म्हणाले आणि चघळायचे थांबले.

"मग प्रत्येकीला बोलावं लागेल ना?"

आबेल उठायला लागला. "अहो, तसं नाही, मी आपलं बोलण्याच्या ओघात..."

"खाली बस," आजोबा गुरकावले. "चटईवर ओघ बिघ नसतो."

मग काय विचारता! बिकोली आजीला पाठुंगळी आणलं. "मला कुणी बिघडवलं नाही रे," ती म्हणाली. "मी बिघडलेलीच आहे, कंबरेपासून खाली." सगळे खदखदून हसले. मग ती पडली त्या दिवसाचं तिने सांगितलं आणि हसू विरलं. त्यानंतर एकेक बाई आली. बैठकीत कधी तोंड न उघडलेल्या बायका अशा बोलल्या की मला रडूच आलं. पुरुषांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, कोंबड्यांची झुंज हुकली, चटई तशीच.

शेवटी मी उरले. प्रमुखाची बायको झाले तरी गावातली बाईच. आबेल डोळ्यांनी नको नको म्हणत होता. तरी मी जाऊन चटईवर बसले.

"आबेल," मी म्हणाले, "आपलं दुसरं लेकरू पोटात असताना मी त्या वाटेवर पडले. ते गेलं. घरी आले तेव्हा तू सगळ्यात आधी विचारलंस, पाणी सांडलं का."

आजोबांनी आबेलकडे वळून विचारलं, "प्रमुख, अजून काही तक्रार?"

आबेलने नकारार्थी मान हलवली. "नळ खाली बसवा," तो म्हणाला.

"आणि पुढच्या बैठकीला?" झुल्मिरा कसली सोडतेय!

"या म्हणावं बायकांना."

बायकांनी असा गलका केला की समोरच्या टेकडीवरची कुत्री भुंकायला लागली. झुल्मिराला उचलून नाचवलं, आणि तिची आई पुन्हा रडली, पण या वेळी आनंदाने.

आता नळ वस्तीत आहे आणि बायका बैठकीत. येत्या निवडणुकीत झुल्मिरा गावप्रमुखपदाला उभी राहतेय, आबेलच्या विरोधात. मत गुप्त असतं, हे तिनेच मला शिकवलं. मी आबेलला काही सांगितलेलं नाही, पण हल्ली पाणी तो भरतो.