ताडाच्या जागी

आमच्या गावात, सारसोळ्यात, लोक होड्या विकत होते, त्याच सुमारास आम्ही होडी विकत घेतली. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या होत्या आणि त्याचे पैसे घरोघर आले होते. कुणी मोटारसायकल आणली, कुणी पोरीच्या लग्नात बँडवाले थकेपर्यंत वाजवून घेतलं, कुणी रंगीत टीव्ही आणून गावाला दिसेल असा दारात मांडला. आणि आमच्या ह्यांनी उरणजवळच्या मोरा बंदरातून एक जुनी होडी आणली. हे उरणकडचे, मिठागरावर वाढलेले, आमच्या घरी घरजावई म्हणून आलेले आणि कंपनीत शिफ्टला जाणारे. गावाला हसायला आयतंच मिळालं. मिठागरवाल्याला वल्हं कुठून धरायचं ते तरी कळतं का, असं बायका नळावर मला ऐकू जाईल इतक्या हळू बोलायच्या. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "तुमी मोटारसायकल पान्यात घाला, मग बघू कोन जास्त मासली आनतंय."

खरं तर होडी घेतली ती बाबाच्या शब्दावर. आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात, त्यात माया कमी नसते. मी एकुलती, आई जाऊन दोन-चार वर्षं झालेली. बाबाने उभी हयात खाडीत काढली. म्हातारपणी त्याची स्वतःची होडी कुजून गेली आणि तो ओट्यावर बसला. काठाजवळ आता मासळी उरली नव्हती. भराव पडत होते, पाणी गढूळ झालं होतं, जाळ्यात चिखल यायचा. पण बाबा म्हणायचा, "जिताडा कुठं जात नाय. तो खोल जाऊन बसतो. मना ठावं हाय कुठं. होडी आना, मी दाखवतो."

जिताडा म्हणजे आमच्याकडे मासळीतला मोठा मान. जावई आला, साहेब आला, लग्न ठरलं, की जिताडा. थंडीत तो उथळ पाणी सोडतो आणि खाडीच्या पोटात जिथे खड्डा असेल तिथे बसून राहतो. असा एक खड्डा बाबाला माहीत होता. त्याच्या बापाला माहीत होता, त्याच्या आज्याला माहीत होता.

मोऱ्याहून होडी आणली त्या दिवसाची आठवण मला अजून स्वप्नासारखी येते. माघारी येताना पाणी अगदी गप्प होतं. आकाश आणि खाडी यांच्यातली रेघ पुसली गेली होती, आणि घारापुरी मध्येच कुठेतरी टांगल्यासारखी दिसत होती. बाबा नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बसला होता आणि त्याने हात पाण्यात सोडला होता. पाणी त्याच्या बोटांतून जात होतं. हे वल्हं मारत होते, चुकत होते, होडी जरा तिरकी जात होती, आणि तरीही बाबाने एकदासुद्धा टोकलं नाही. मला वाटलं, हे संपूच नये. किनारा जवळ आला तेव्हा मला चक्क राग आला किनाऱ्याचा.

होडीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि थंडी पडायची वाट बघत बसलो.

आता खड्डा कसा सापडतो ते सांगते. पाण्यावर खूण करता येत नाही, म्हणून खुणा जमिनीवरच्या धरायच्या. जवळची एक वस्तू आणि तिच्यामागची लांबची एक वस्तू एका ओळीत आली की आपण एका रेषेवर आलो. दुसऱ्या अंगाला अशीच दुसरी जोडी धरायची. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे गळ सोडायचा. पण ह्या खुणा कोणाला सांगायच्या नाहीत. बापाने मुलालासुद्धा नाही. तोंडातून खूण निघाली की मासा जागा सोडतो, असं आमच्याकडे मानतात. मुलाने होडीत बसून बसून, बापाची मान कुठे वळते ते बघून शिकायचं. मी लहानपणी बाबाबरोबर पुष्कळ गेले होते, पण माझं काम होडीतलं पाणी उपसायचं. मी त्याच्याकडे तोंड करून बसायचे. मला त्याचं तोंड पाठ होतं. तो काय बघतो ते कधीच दिसलं नाही. पुढे मी मोठी झाले आणि माझं जाणं बंद झालं.

पौषात भांगाचं पाणी आलं. भांग म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो ते दिवस. खोल पाण्यात दोर सरळ उभा राहतो. ह्यांची सुट्टी होती. आम्ही तिघं पहाटेच्या धुक्यात निघालो. बाई होडीत म्हणून गावाने पुन्हा भुवया उंचावल्या. उंचावू देत.

बाबाच्या डोळ्यांत साऱ्याचा पडदा आला होता. जवळचं माणूसही त्याला धुरातून बघितल्यासारखं दिसायचं. पण डोंगर दिसतात, किनारा दिसतो, असं तो म्हणायचा आणि आम्ही मानलं. नाळेवर बसून तो हाताने दाखवत होता. "डावा... अजून... जरा मागं... बस." हे घामाघूम झाले. दोरीला शिसं बांधलेलं होतं, ते बाबाने सोडलं. चार-पाच वाव, म्हणजे चार-पाच वेळा दोन्ही हात पसरावेत एवढी, दोरी गेली आणि सैल पडली. खाली चिखल. बाबाने दोरी ओढून घेतली, शिशाला लागलेला चिखल बोटांनी चोळून बघितला आणि पुन्हा सोडली. पुन्हा चिखल.

त्या दिवशी गळाला नुसत्या शिंगाळ्या लागल्या, चिखलातली हलकी मासळी. पुढच्या भांगाला गेलो, तेच. त्याच्या पुढच्याला, तेच. दर वेळी बाबा त्याच जागी थांबवायचा, त्याच खात्रीने हात वर करायचा, आणि खाली चिखल.

"खड्डा भरला असंल," हे हळूच म्हणाले.

"भरत नाय तो," बाबा म्हणाला. मग शिशाचा चिखल बोटांनी पुसत म्हणाला, "माजाच डोका गेलाय."

त्यानंतर तो खाडीवर आला नाही. मासळी न मिळण्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. ह्यांचा पगार होता, चूल पेटत होती. पण बाबा खचला ते मला बघवेना. संध्याकाळी ओट्यावर बसून तो पुटपुटायचा. मी कान दिला तर गावातल्या जुन्या होड्या कुणाच्या, त्यांच्यावर कोण कोण होतं, हे आठवून बघत होता. स्वतःची परीक्षाच घेत होता. एखादं नाव अडलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेवायचा नाही. मला विचारायचा, "सकाली मी चाय पिलो काय गो?" प्यायलेला असायचा आणि त्याला आठवतही असायचं, पण आपल्या आठवणीवर त्याचा विश्वास उरला नव्हता. गावात तर म्हातारा चळला हे झालंच होतं. एकदा नळावर कुणीतरी म्हटलं, त्या खड्ड्याच्या नुसत्या बाता होत्या, तेव्हा मी हंडा तिथेच टाकून भांडले. भांडून घरी आले आणि रडले, कारण मलाही क्षणभर तसंच वाटून गेलं होतं.

माघात मी हट्ट धरला. म्हटलं, एकदाच चल. तो नको म्हणाला. मी म्हटलं, "तू नाय आलास तं मी एकटी जाईन, आन मना पोहायला येत नाय." हे साफ खोटं. पण तो आला.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की वल्ह्याचा आवाजसुद्धा ओला वाटत होता. मग ऊन आलं, धुकं पाण्यावरून सुटं झालं आणि किनारा वर आला. पाणी उपसायचं माझं काम मी त्या दिवशी सोडलं. उठून बाबाच्या मागे जाऊन बसले, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि लहानपणापासून जे केलं नव्हतं ते केलं: तो जिकडे बघत होता तिकडे बघितलं.

"आला... आला..." तो पुटपुटत होता. समोर डोंगर होता, डोंगरात खाच पाडल्यासारखी एक खाप होती. आणि त्या खापेखाली, किनाऱ्यावर, काहीतरी उंच आणि सडपातळ सरकत सरकत येत होतं. बाबाने हात वर केला. "बस."

"बाबा," मी म्हटलं, "तो लायटीचा टावर हाय."

"टावर कसला? ताड हाय तो."

शब्द तोंडातून गेला. बाबाने जीभ चावली. हे वल्हं तसंच धरून बसले. ज्या खुणा तीन पिढ्यांनी तोंडाबाहेर काढल्या नव्हत्या त्यातली एक आमच्या तिघांच्या मध्ये पडली होती.

ताड होता. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावर एकटा, गावात सगळ्यांत उंच. भरावाचं काम सुरू झालं तेव्हाच तो पाडला. त्या वर्षी आईच्या दुखण्यामुळे बाबा तिला घेऊन आत्याकडे उरणला राहिला होता. परत आला तेव्हा डोळ्यांत सारा धरलेला. एवढी शेतं गेली, खाजण गेलं, मिठागरं गेली. त्यात एका ताडाची बातमी त्याला कोण देणार? आणि ताडावर त्याचं काय अवलंबून आहे, ते तो कोणाला सांगणार? ताड गेला, त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर विजेचा टॉवर उभा राहिला, आणि बाबाचे डोळे बिचारे प्रामाणिकपणे त्यालाच ताड समजून आम्हाला चिखलावर नेत राहिले.

"ताड पाडला बाबा. कवाच पाडला."

त्याने शिशाची दोरी गुंडाळून मांडीवर घेतली. घरी येईपर्यंत ती तशीच धरून होता.

बांध मातीखाली गेला होता, पण बांधाजवळची जुनी विहीर बुजवताना तिचा कठडा तेवढा राहिला होता, आणि विहिरीपासून ताड कुठे होता ते मला माहीत होतं. ताडगोळे पडायची वाट बघत माझं अर्धं लहानपण तिथे गेलं होतं. दुसऱ्या दिवशी भांग होताच. मांडवाचा लांब बांबू काढला, त्याला माझं लाल लुगडं बांधलं. मी ताडाच्या जागी उभी राहणार, हे होडी नेणार. बाबाला लुगडं दिसणार नव्हतं, त्यामुळे बघायचं ह्यांनी होतं. म्हणजे सगळ्या खुणा ह्यांना सांगायच्या होत्या. घारापुरीचं कोणतं टोक न्हावा बेटाच्या आडून किती बाहेर यायला हवं, तेही. मिठागरवाल्या जावयाला.

बाबा रात्रभर कूस बदलत होता. सकाळी उठून म्हणाला, "चला जावय. वाटंत सांगतो."

मी बांबू धरून उभी राहिले. आजूबाजूला नुसती लाल माती, मागे मातीचे ट्रक. एका ड्रायव्हरने गाडी थांबवून विचारलं, "बाई, कौनसी पार्टी का झंडा है?" मी म्हटलं, "झंडा नहीं, झाड है. तुम जाओ." तो गेला. खाडीवर पांढरं धुकं होतं आणि त्यात आमची होडी बोटाएवढी. ती डावीकडे सरकली. थांबली. पुन्हा सरकली, पुढे गेली, इतकी पुढे की मला वाटलं हे चुकले. बाबाने जिथे थांबवलं होतं त्याच्यापासून कितीतरी दूर. मग ती थांबली आणि थांबूनच राहिली.

ऊन चढलं. हात भरून आले, पण बांबू खाली ठेवायचा धीर होईना. त्यांचं बघून झालं की नाही, मला कसं कळणार? मी हलले तर होडी चुकेल, असं काहीतरी मनात बसलं होतं. पाण्यावर ऊन पसरत होतं, डोळे मिटत होते, आणि मधूनच मला खरंच वाटायचं की आपण इथे कायमच्या आहोत, आपल्याला मुळं आहेत, खालून गाव येतंय-जातंय. असं सुख मला पुढे क्वचित मिळालं.

होडी परत आली तेव्हा मी बांबू खांद्यावर टाकून चिखलातून धावले. ह्यांच्या पायाशी दोन जिताडे होते, एक तर मांडीएवढा. हे नुसते हसत होते. बाबाने जिताड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तो ह्यांचा खांदा धरून उतरला आणि हात पुढे करून मला शोधू लागला. मी जवळ गेले, तसा त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात दोरीने सोललेले होते.

"समदी दोरी गेली गो बाय," तो म्हणाला. "समदी गेली, तरी तल नाय लागला. म्हंजे माजा डोका गेला नाय."

"नाय बाबा. ताड गेला. तू हायेस."

"परत बोल," तो म्हणाला.

मी परत बोलले.