मोहर्लीची जिप्सी आणि भिंतीवरची वाकळ

ती घटना आठवली की निवृत्तीनंतर आजही मी खुर्चीत सावरून बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण चार दिवसांत इतकी धावपळ, इतका जोश आणि शेवटी इतकी फजिती दुसऱ्या कुठल्याच गुन्ह्यात माझ्या वाट्याला आली नाही. कागदावर तो वाहनचोरीचा साधा गुन्हा होता. चोरीला गेली होती एक जिप्सी. जाणार होतं मात्र एक घर, आणि त्या घरात खाटेवर पडलेल्या आजारी बाईचा आसरा. हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेदार होतो आणि मोहर्ली माझ्या हद्दीत होतं. पर्यटकांना वाघ दाखवायला ताडोब्यात नेणाऱ्या उघड्या जिप्सींवर त्या गावातली अर्धी घरं चालतात. महाशिवरात्रीच्या सकाळी दहाच्या सुमारास चाळिशीतला एक जिप्सीवाला ठाण्यात आला. अर्धा स्टाफ बंदोबस्ताला गेलेला, ठाणे अंमलदार एकटाच, म्हणून मीच त्याला समोर बसवलं.

"साहेब, माही गाडी चोरीले गेली," तो म्हणाला. "घरापुढं उभी होती. सकाळी पाह्यतो तं नाई."

मी फिर्याद लिहून घेतली, गुन्हा नोंदवला, बिनतारी संदेश सोडला आणि नाकाबंदी लावली. खरं सांगतो, मला मनातून आनंद झाला होता. त्या वर्षी आमच्या भागातून तीन गाड्या गेल्या होत्या आणि त्या तेलंगणात विकल्या जातात अशी कुजबुज होती. आंतरराज्य टोळी आपल्या हाती लागणार, या विचाराने मी डबा न खाताच मोहर्लीला निघालो.

घटनास्थळाचा पंचनामा केला. पुढे अंगण, मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन नव्या खोल्या. आत खाटेवर त्याची बायको पडलेली. चेहरा सुजलेला, हाताला पट्टी. दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चंद्रपूरला न्यावं लागे. तशा अवस्थेतही ती उठायला लागली, "साहेबायले चहा मांडते" म्हणून. मीच तिला थांबवलं.

बाहेरच्या भिंतीवर खिळ्यांना एक मोठी वाकळ टांगलेली होती, जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची. मी हात लावून पाहिला. कोरडी ठणठणीत. उन्हात घातली असेल, असं समजून पुढे गेलो. पोलिसाचं नाक माझं, पण त्या दिवशी ते तेलंगणाच्या दिशेने वळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात आला आणि एफआयआरची प्रत घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी विम्याच्या अर्जावर शिक्का लागतो का, हे विचारून गेला. आता वाचकांना एक गोष्ट सांगतो. ज्याची गाडी खरोखर चोरीला जाते तो ठाण्याच्या पायरीवर पाऊल ठेवताच विचारतो, "साहेब, लागला का पत्ता?" या माणसाने ते एकदाही विचारलं नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी खबर आली. वैनगंगेपलीकडे मार्कंड्याची शिवरात्रीची जत्रा चालू होती आणि तिथल्या बंदोबस्तावर गडचिरोलीकडचा माझा एक जुना हवालदार होता. त्याचा फोन आला.

"साहेब, इथी नारळ विकनारा एक आपला मानूस हाय. तो म्हनते, बाजूच्या गावात एका शेतकऱ्याजवळ तनसाचा हा एवढा ढीग हाय, पन यंदा विकून नाई राह्यला."

"मग? नसेल विकायचं."

"तसं नाई ना साहेब. जत्रेत बैलबंड्यावाले दुप्पट भाव देऊन राह्यले. दरवर्षी हाच पुढं पुढं करते. यंदा कोनी ढिगाजवळ गेलं की अंगावर येते. अन् तनसाले पेट्रोलचा वास येते म्हनते."

तणस म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा. दुप्पट भावाला तणस न विकणारा शेतकरी आणि पेट्रोलचा वास! मी स्टेशन डायरीत नोंद केली, तिथल्या ठाण्याला कळवलं आणि दोन शिपाई व माझा वयस्क हवालदार यांना घेऊन साध्या कपड्यांत निघालो. वैनगंगा ओलांडताना मी शिपायांना बजावत होतो, टोळीजवळ हत्यार असू शकतं, कोणी शहाणपणा करायचा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही बांधाआड सापळा लावून बसलो. लांबून देवळाच्या भोंग्याचा आवाज येत होता, मुंग्या पायांवर चढत होत्या, आणि ढीग तसाच शांत उभा होता. अकरा वाजता एक माणूस आला. इकडेतिकडे बघत त्याने तणसाच्या चार पेंढ्या बाजूला केल्या. आत हिरवा पत्रा चमकला! मी हात वर केला, पण शिपायांना रोखून धरलं. त्याचे साथीदार येऊ देत, म्हटलं.

साथीदार कोणी आला नाही. त्या माणसाने आत शिरून फडक्याने काच पुसली, सीट झटकली, इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं आणि बंद केलं. हवालदार माझ्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, चोर गाडीची इतकी सेवा नाई करत."

झडप घातली. तो पळाला नाही, खालीच बसला. "नेऊ नका साहेब," म्हणाला, "आमच्या जवायाची गाडी हाय."

तो फिर्यादीच्या बायकोचा सख्खा भाऊ निघाला. गाडी शिवरात्रीच्या पहाटे त्याने नेली होती, आणि कशी, तर जत्रेच्या बायका भरून. माझी नाकाबंदी लागायच्या आधीच "हर हर महादेव" करत ती नदीपार झाली होती. माझी आंतरराज्य टोळी म्हणजे हा एक धानउत्पादक साळा आणि सहा भाविक बायका.

दोघांना ठाण्यात समोरासमोर बसवलं. साळा म्हणाला, "मीच नेली, जवायाले न सांगता. मले जेलात टाका." जिप्सीवाला म्हणाला, "मले मालूमच नोयतं साहेब." कितीही फिरवून विचारलं तरी दोघांचं एकच पालुपद. तणसाबद्दल विचारलं तर साळा म्हणे, ऊन लागू नये म्हणून झाकली. वरून वरिष्ठांचा फोन आला, "काय ठाणेदार, टोळीत माणसं किती?" मी चिडलो होतो, पण पुरावा काय? घरगुती गैरसमज म्हणून प्रकरण संपवायला मी पेन हातात घेतला.

तेवढ्यात माझा वयस्क हवालदार म्हणाला, "साहेब, त्या दिवशी सकाळी याचा नंबर होता काय?"

मोहर्लीच्या गेटवर जिप्सी नंबराने जंगलात जातात. ज्याचा नंबर, त्याच्याच गाडीत त्या खेपेचे पाहुणे. गाडी आली नाही तर पाहुणे पहाटेच्या थंडीत गेटवर ताटकळतात आणि त्यांची फेरी जाते. म्हणून अडचण असली की जिप्सीवाला आधी जाऊन आपला नंबर दुसऱ्याला देतो आणि तसं नोंदवहीत लिहून घेतो. मी बाहेरच्या खोलीत जाऊन गेटवर फोन लावला. उत्तर ऐकून मी उठून उभाच राहिलो.

परत आलो. जिप्सीवाल्यापुढे चहा ठेवला आणि आवाज न चढवता विचारलं, "शिवरात्रीच्या सकाळी तुझा नंबर होता?"

"होता, साहेब."

"कितवा?"

"तिसरा."

"तो तू आदल्या दिवशी दुपारीच दुसऱ्याला देऊन टाकला. गाडी चोरीले जाणार हे तुले दुपारीच कसं मालूम?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं, तसा कबुलीजबाब मी दुसरा ऐकला नाही.

"पावने गेटवर उभे राह्यले असते, साहेब. म्हातारा-म्हातारी होते, लय दुरून आलते. त्यायचं काय चुकलं?"

मग सगळं भडाभडा आलं. मागच्या दोन खोल्या त्याने घर गहाण ठेवून कर्जाने बांधल्या होत्या. खोल्या चालू लागल्या आणि सहा महिन्यांत बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्याचे दोन दिवस दवाखान्यात, ते दोन दिवस गाडी बंद, घरात आजारी माणूस म्हणून खोल्याही रिकाम्या. चार हप्ते थकले. ताबा घेण्याची नोटीस आली, दोन आठवड्यांची मुदत उरली. "गाडीच्या विम्याचे पैसे आले असते तं घर सुटलं असतं," तो म्हणाला. "मी काय, दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायवर राह्यलो असतो. पन घर गेलं तं तिले कुठी ठेवू, साहेब? डायलिसिस करून आली की तिले उभं राह्यता येत नाई."

साळ्याने मान खाली घातली होती. बहिणीसाठी तो जेलात जायला तयार झाला होता, आणि मी त्याच्यासाठी हत्यारबंद तयारीने गेलो होतो. मला माझीच लाज वाटली. पण राग गेला नव्हता. त्याच तिरीमिरीत दोघांना गाडीत घालून मी मोहर्लीला गेलो, कागदपत्रं ताब्यात घ्यायला.

वाकळ तिथेच होती. मी काही विचारायच्या आत त्याची बायको भिंतीला धरत बाहेर आली. चोरीचं नाटक तिला माहीत नव्हतं. नवऱ्याने तिथेच, माझ्यासमोर, सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि वाकळीचं एक टोक खिळ्यावरून काढलं. खाली कर्जवाल्यांनी लाल रंगात रंगवलेली हातभर अक्षरं होती: हे घर कर्जापोटी गहाण आहे.

"हे झाकाले मीच टांगली," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "चोरी झाली म्हनून पोलिसायले सांगतलं, साऱ्या गावाले सांगतलं. मी बिमार हाव हे त्या कर्जवाल्यायले काऊन नाई सांगतलं?"

तो म्हणाला, "बिमारी समजली तं घर आनखी लवकर नेतील, असं वाटलं."

मी चार दिवस दोन जिल्ह्यांत चोर शोधत होतो, आणि मुद्द्याचा प्रश्न त्या बाईने एका दमात विचारला. मी त्याला विचारलं, खरंच एकदाही नाही सांगितलं? नाही. वसुलीचा माणूस दारात आला की तो बायकोला मागच्या खोलीत झोपायला पाठवायचा आणि सांगायचा, धंदा मंद आहे. बुडवायला निघालेल्याची जी लक्षणं असतात, ती सगळी या सरळ माणसाने स्वतःच्या अंगावर चिकटवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्याला घेऊन कर्ज देणाऱ्या कार्यालयात गेलो. दवाखान्याची फाईल त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, तूच बोल. तो अडखळत बोलला. शाखेचा साहेब काही देवमाणूस नव्हता. कपाळाला आठ्या घालून त्याने फाईल चाळली आणि म्हणाला, "हे आधी का नाही आणलं? आमच्या कागदावर तुम्ही फक्त टाळाटाळ करणारे आहात." अर्ज लिहून घेतला, वर पाठवला. मुदत जवळ येत होती. रोज दुपारी मी काहीतरी निमित्त काढून त्या जिप्सीवाल्याला फोन करायचो, आणि माझ्या हवालदाराला ते बरोब्बर कळायचं. मुदतीच्या तीन दिवस आधी जिप्सीवाल्याचाच फोन आला. ताबा थांबला होता, कर्जाची वर्षं वाढवून हप्ता जवळपास निम्म्यावर आला होता. मी ठाण्यात सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे ते कोणाला सांगितलं नाही, तरी सगळ्यांना माहीत होतं.

आता कायद्याचं. मी त्याला सोडला का? नाही. फिर्याद खोटी होती, तसा 'ब' समरी अहवाल न्यायालयात पाठवला आणि खोटी खबर दिल्याबद्दल कारवाई केली. विम्याचा दावा दाखल झाला नव्हता आणि त्याने सत्य स्वतः सांगितलं, हेही त्याच कागदावर लिहिलं. न्यायालयाने दंड केला आणि कडक समज दिली. गेटवरच्या जिप्सीवाल्यांनी महिनाभर त्याचा नंबर बंद ठेवला, आणि त्याच महिन्यात आळीपाळीने त्याच्या बायकोला आपल्या गाड्यांतून दवाखान्यात नेलं. कायदा आणि माणुसकी एकाच गेटवर उभी राहू शकतात, हे मी तेव्हा पाहिलं.

मी किती आरोपींकडून किती गुन्हे वदवून घेतले असतील, त्याचा मला अभिमानही होता. या प्रकरणाने मला शिकवलं की माणूस गुन्हा एकवेळ कबूल करील, पण अडचण कबूल करताना त्याची जीभ जड होते. तेव्हापासून नवीन फिर्यादीला मी आधी विचारायचो, घरी सगळं बरं आहे ना? त्या एका प्रश्नाने पुढे माझे कितीतरी पंचनामे वाचले.

निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात बायकोला घेऊन मोहर्लीला गेलो. त्याच घरी, मागच्या खोलीत उतरलो. भिंतीवर वाकळ नव्हती. लाल अक्षरं उघडीच होती, आणि खाली त्याच रंगात, त्याच्या हातची ओळ होती: हप्ते चालू आहेत, खोल्या मिळतील.

सकाळी जिप्सीत बसलो तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते. त्याची बायको अजून डायलिसिसवरच होती, चेहरा तसाच सुजरा, पण ती दारातून हळूहळू गाडीपर्यंत आली. काखेत तीच वाकळ होती.

"घ्या साहेब, पायावर," ती म्हणाली आणि स्वतःच्या हाताने आम्हा दोघांच्या गुडघ्यांवर पसरली. "उगाच पडून होती. आता काई झाकाचं नाई उरलं."

त्याने गाडी सुरू केली. गेटवर आमचा नंबर तिसरा होता.