ऊसतोड्यांच्या पोरींची रेंज

"चप्पल बाहेर काढ. अन् गादीवर टेकू नको." रेक्टर मॅडमनी दारातच बजावलं. खोली पुढच्या इमारतीतली. मी आत चालले होते ती त्यांच्याच कामासाठी.

रिसोडच्या आमच्या हॉस्टेलात वायफाय बसणार होतं. त्याचे डबे कुठं लावायचे ते ठरवायला अकोल्याहून इंजिनिअर आला होता. तो जिन्यात डबा धरून उभा राही. कोणीतरी त्याचा फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचं आणि रेंज आली की ओरडायचं. हे काम मागच्या इमारतीतल्या आम्हा मुलींचं. पाहुणे आले की खुर्च्याही आम्हीच उचलतो.

मी ओरडत होते, "आली! आली!" पलंगावर लोळणाऱ्या एका मुलीनं मला पाहून आपली बॅग जवळ ओढली. मला ते दिसलं, झोंबलं. तरी फिरत राहिले, कारण पुढची झाली की आमची इमारत, असं मी धरून चालले होते. माझ्या कोर्सची परीक्षा ऑनलाइन असते. आमच्या खोल्यांत रेंज नाही. मागची परीक्षा पुढच्या व्हरांड्यात उभं राहून देत होते, तर मॅडमनी अर्ध्यातून हाकललं. आता आणखी एक हुकली की कोर्समधून नाव जाणार.

पुढची इमारत झाली. इंजिनिअर आमच्या इमारतीकडे वळला. मॅडमनी हात आडवा केला.

"तिकडं कायले? ऊसतोड्यांच्या पोरी त्या. घरी लाइटचा पत्ता नाही, अन् इथं नेट पाह्यजे?"

माझ्यासमोर बोलल्या. मी तिथं नव्हतेच जणू. होय, माझे मायबाप ऊस तोडतात. त्या उसाची साखर मॅडमच्या चहात चालते.

इंजिनिअर खाली मान घालून म्हणाला, "जाय वं, इथंच वरतं परत एकदा पाहून सांग."

मी वर गेले नाही. चप्पल घातली. अंगण ओलांडून माझ्या खोलीत गेले, माझ्या गादीवर बसले आणि खिडकीतून ओरडले, "इथं नाही! इथं नाही!"

मॅडम तणतणत आल्या. "हॉस्टेलातून काढून टाकीन तुले!"

मी इंजिनिअरचा फोन त्यांच्या हातात दिला. "घ्या. आता तुमीच फिरा खोल्याखोल्यानं."

आमच्याकडे डबा अजून लागलेला नाही. उद्या परीक्षा आहे. मॅडमच्या ऑफिसात रेंज पूर्ण येते. तिथं जाणार, चप्पल घालूनच. खुर्ची ओढून बसणार. पेपर संपेपर्यंत मला कोणी उठवून दाखवावं.