सरपंचांची शाल

आमच्या गावात राजाचं काम मीच करणार, हे कुणी मतदान घेऊन ठरवलेलं नाही. आवाज माझा, छाती माझी, बोलायची हौसही माझीच. मेढ्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला दरसाल एकच जुनं नाटक होतं. दगाफटका होऊन राजा मरतो आणि त्याचे दोन जिवलग मित्र मागं उरतात. एक बोलायच्या आधी तलवार काढणारा, दुसरा दहादा विचार करून एकदा तोंड उघडणारा. पहिला आमचा फौजेतून रिटायर झालेला सुभेदार, दुसरा पेठेतला शिंपी. दोघंही माझे शाळेपासूनचे सोबती. त्यांना अभिनय करावाच लागत नाही, जन्मजात तसलेच आहेत.

गेल्या साली लोणंदला प्रयोग केला आणि मी मरताना लोक हसले. चक्क हसले! माझ्या डोक्यात तिडीक गेली. यंदा मी दोघांना बजावलं, "या बारीला मांडव हसला, तर तोंडाला परत रंग लावणार न्हाई."

सुभेदार म्हणाला, "हसंल त्याचं थोबाड फोडतो."

शिंपी सुपारी कातरत राहिला.

जत्रेत मात्र मरणाचा प्रवेश झकास जमला. छातीत कट्यार, डोकं शिंप्याच्या मांडीवर, मांडव चिडीचूप. शेवटचं लांबलचक भाषण सुरू करायला मी श्वास घेतला, आणि सरपंच शाल-नारळ घेऊन स्टेजवर! आमच्याकडं नटांचा सत्कार चालू नाटकातच होतो, त्यात सरपंचांसोबत आलेल्या पाव्हण्यांना पुढच्या गावाला जायची घाई. "राजेसायबांनी जरा उठून बसावं," ते माइकवर म्हणाले. मागं खसखस पिकली.

सुभेदारानं लाकडी तलवार उपसली. "राजा मराय लागलाय, आन् तुमी नारळ काय घिऊन आलाय वं?"

झालं! सगळा मांडव पोट धरून हसायला लागला. संपलं म्हटलं, आता रंगाचा डबा नदीत टाकायचा. रडूच यायचं बाकी होतं.

शिंप्यानं माझं डोकं हळूच खाली ठेवलं. सरपंचांपुढं वाकून त्यानं शाल घेतली, झटकली आणि माझ्या पायांपासून तोंडापर्यंत ओढली. हसू जागच्या जागी थांबलं. बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला. माझं भाषण तोंडातच राहिलं, पण जन्मात पहिल्यांदा मी गप पडून राहिलो.

मग तलवार पडल्याचा आवाज झाला. फौजेत सुभेदारानं सोबत्यांच्या तोंडावर असंच कापड ओढलेलं बघितलंय. तो गुडघ्यावर बसला, शालीखाली हात घालून माझं मनगट चाचपायला लागला.

"गड्या," तो कानाशी कुजबुजला, "जित्ता हायस न्हवं?"

मी त्याचं बोट दाबलं. तेव्हा कुठं तो हंबरडा फोडून रडला.