हुकमाची हिंदी

आमचा सर्व्हेयर मदुराईचा तमिळ. साइटवर बिहारी गवंड्यांशी तो अशी फर्डी हिंदी बोलायचा, की मी साताऱ्याचा असून माझी हिंदी त्याच्यापुढे पाणी भरायची. त्यामुळे त्या सकाळी त्याने जे केलं ते मला कळेचना.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. कतारात राजधानीजवळ मुऐदरला आमच्या कंपनीचं व्हिलांचं काम चालू होतं. नवे मॅनेजर लखनौकडचे, माणूस गोड, बोलणं तुपातलं. आल्या आल्या त्यांनी पोर्टाकेबिनच्या ऑफिसातल्या रोजच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं, "कल से मीटिंग हिंदी में होगी. आखिर हम सब हिंदुस्तानी हैं." आपण सगळ्यांवर उपकारच करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी मान डोलावली. मान डोलवायला मला कुठलीच भाषा अडत नव्हती.

सर्व्हेयर शांतपणे इंग्रजीत म्हणाला, "मी नाही बोलणार."

बाहेर तिकडचा दाट करक चहा घेताना मी त्याच्यावर उखडलो. त्याचा करार संपत आला होता. नव्या करारावर सही याच मॅनेजरची, आणि बायको-मुलीचा व्हिसा त्या सहीवर अडलेला. मुलगी रांगायची तेव्हा त्याने तिला शेवटचं पाहिलेलं.

"तुला येते ना हिंदी? मग बोल आणि सूट की. खलास!"

"गवंड्यांशी मी माझ्या मर्जीने बोलतो," तो म्हणाला. "हुकमाने नाही."

पासष्ट साली हिंदीच्या सक्तीविरुद्ध मद्रासकडे पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा त्याचे वडील कॉलेजातून थेट तुरुंगात गेले होते. पुढच्याच निवडणुकीत तिथल्या सत्ताधारी पक्षाचं सरकार पडलं आणि तो पक्ष राज्यात पुन्हा सत्तेवर आलाच नाही. वडिलांनी ते एकट्याने पाडलं असावं, अशा थाटात तो हे सांगायचा.

"पगारासाठी हिंदीत मीटिंग केली, हे मी त्यांना कसं सांगू?"

"सांगतोस कशाला?"

"दर शुक्रवारी फोनवर विचारतात."

मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी पहिलं त्यालाच विचारलं. त्याने अख्खा रिपोर्ट तमिळमध्ये दिला, तोही अगदी अदबीने. मॅनेजरांचं हसू जागच्या जागी थिजलं. मग आमचा मल्याळी फोरमन उठला आणि त्याने मल्याळम सुरू केलं. पुढचा नंबर माझा, स्टोअरचा. सर्व्हेयर माझ्याकडे बघतही नव्हता. मी तोंड उघडलं.

"शिमिट काय आलं न्हाय, सायेब. गाडी सकाळधरनं गेटावर हुबी हाय..."

"आप भी?" मॅनेजर म्हणाले आणि कपाळाला हात लावून खदखदून हसायला लागले. "बस, बस. इंग्लिश प्लीज!"

सर्व्हेयरच्या करारावर त्याच आठवड्यात सही झाली. राग धरणं मॅनेजरांना जमतच नव्हतं. व्हिसा मिळून बायको-मुलगी आल्या, तेव्हा विमानतळावर मुलीने आधी बापाला ओळखलंच नाही, मग खांद्यावरून उतरेना.

मला मात्र त्या मीटिंगची चुटपुट लागून राहिली. इतकी वर्षं माझी मराठी घरच्या फोनापुरती होती. ऑफिसात त्या दिवशी पहिल्यांदाच ती तोंडातून निघाली, आणि इंग्लिश म्हटल्याबरोबर मी मुकाट्याने थांबलो. अजून दोन वाक्यं बाकी होती. ती बोलायची मला फार इच्छा होती.