चाकावरची खोली

कुठलंही वाहन समोर आलं की मी आधी त्याच्या पोटाखाली बघतो. नातवंडं हसतात. लग्नाच्या वरातीतली सजवलेली गाडी असली तरी माझं लक्ष फुलांकडे नाही, टायरांकडे जातं. जन्मभर ट्रक चालवला, आता ही खोड जायची नाही. याच खोडीपायी मी एकदा एक घर नापास केलं.

तेव्हा भिलाईत कारखाना उभा राहत होता. मी भंडाऱ्याकडचा. एका ठेकेदाराचा खडी-गिट्टीचा ट्रक चालवायचो. राहायला बराकीतली एक खाट. खोलीत तेलुगू होते, मल्याळी होते, बिहारकडचे होते. सगळे मोडक्या हिंदीत बोलायचे आणि माझी हिंदी त्या सगळ्यांपेक्षा मोडकी. कामाच्या दिवशी इंजिनाच्या आवाजात काही कळायचं नाही. रविवारी मात्र दिवस सरता सरायचा नाही. एकट्यापुरता भात टाकायचा, एकट्यानं खायचा, एक ताट धुवायचं. बायको गावी माझ्या आईबाबांपाशी होती आणि मुलगी पाळण्यात. लग्न झालं होतं खरं, पण बायकोचा चेहरा आठवायला मला डोळे मिटून बसावं लागायचं. याचं मला फार वाईट वाटायचं.

अशात एक गाडी विकायला निघाली. डिस्पोजलमधला, म्हणजे लष्करानं लिलावात काढलेला, जुना ट्रक होता. मागे माल भरायच्या डाल्याच्या जागी, जमीन मोजणाऱ्या सर्वेवाल्या साहेबांसाठी लाकडी खोली बांधलेली. आत दोन फळ्यांचे पलंग, भिंतीला बिजागरीवर टांगलेलं टेबल, जाळीच्या खिडक्या, वर पत्रा, दाराला शिडी. सर्वेचं काम संपलं आणि ठेकेदारानं ती विकायला काढली.

बघितल्या बघितल्या माझ्या डोक्यात चक्र फिरलं. ठेकेदाराचं काम म्हणजे आज साइटवर, उद्या नंदिनीच्या खाणीकडे, परवा आणखी कुठं. त्यामुळे बायकोला आणायचं कुठं, हाच तर घोर होता. इथं तर घरच चाकावर. काम जाईल तिथं घर जाईल! किंमत माझ्या सगळ्या शिलकीपेक्षा जास्तच होती, पण मागेपुढे करून जमण्यासारखी. ठेकेदार म्हणाला, घाई नाही, बघून सांग. मी त्याच दिवशी बाबांना पत्र टाकलं. त्यात खोलीचं इतकं वर्णन केलं की खिडकीची जाळीसुद्धा सोडली नाही. आमच्याकडे पत्र शाळेतले गुरुजी येऊन मोठ्यानं वाचायचे, म्हणजे ते आतल्या घरात ऐकू जाणार, हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर पत्र बाबांच्या नावानं असलं तरी बाबांसाठी नव्हतंच.

मग पुढचे रविवार मी त्या ट्रकखाली घालवले. अंगाखाली पोतं टाकायचं आणि आत सरकायचं. इंजिन ऑइल पीत होतं. गिअर तिसऱ्यात टिकत नव्हता. टायर इतके गुळगुळीत की हात फिरवला तर गाल वाटावा. आणि मागच्या चाकांच्या धुरीच्या जरा पुढे, चेसिसच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, लोखंडाला बोटभर तडा. बराकीतल्या सरदारजी मिस्त्रीला दाखवलं. त्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "इंजन तो गया, भाई."

त्या दिवशी मी माझा भात घेऊन त्या खोलीत जाऊन बसलो. दार लावलं. इतके दिवस गोंगाटात काढल्यावर ती शांतता अंगावर आली. टेबल खाली पाडून त्यावर ताट ठेवलं आणि समोरच्या फळीकडे बघून म्हणालो, "घे ना, थोडा तू बी घे." माझ्याच तोंडची मराठी कितीतरी दिवसांनी कानावर पडली. मग मला माझीच लाज वाटली आणि मी भराभर जेवून उतरलो.

रजा घेऊन गावी गेलो. अंगणात बाबा, काका, शेजारचे दोन म्हातारे बसलेले. बायको पाणी घेऊन आली. डोक्यावर पदर, नजर खाली. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. एकांत म्हणाल तर त्या भरल्या घरात कोंबडीलाही मिळत नव्हता. तांब्या घेताना मला दिसलं, तिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. माहेरचे चांदीचे जड गोट नव्हते. मला वाटलं, कामात अडचण होते म्हणून काढले असतील.

बाबांनी विचारलं, "मंग, त्या गाडीचं काय केलं रे?"

मी ड्रायव्हर माणूस. मला असं विचारलं की मी सुटतोच. इंजिन, गिअर, टायर, सगळं सांगितलं. चेसिसचा तडा तर जमिनीवर काडीनं काढून दाखवला. "असी गाडी रस्त्यावर काढनं म्हंजे जिवाशी खेळ आहे बाबा. पैसा पान्यात."

"मंग कावून घेतो? राहू दे," बाबा म्हणाले. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पोरगं शहाणं निघालं, असं एकजण म्हणालाही. मी फुशारलो. ती दाराआड उभी होती. पदराची कड दिसत होती. मग तीही दिसेनाशी झाली.

परत निघालो त्या सकाळी तिनं भाकरीचं फडकं हातात दिलं, तेव्हा गोट हातात परत आलेले होते. मला तेही दिसलं. वाहनाची एक ढिली पट्टी मला लांबून ओळखू येते, पण याचा अर्थ काही लागला नाही.

तो ट्रक एका तेलुगू जोडप्यानं घेतला. दोघंही कंत्राटावर मजुरी करणारी. कुणाला तरी पैसे देऊन त्यांनी तो ओढत जवळच्या खुर्सीपार वस्तीत नेला, आणि काय केलं माहीत आहे? इंजिन आणि चाकं भंगारात विकून टाकली! खोली विटांवर टेकवली. मी बराकीत हा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं. ट्रक घेतला आणि चाकं विकली, अक्कल म्हणतात ती हीच! माझी हिंदी मोडकी होती तरी त्या दिवशी सगळ्यांना कळली.

पुढे गंमत अशी झाली की माझं काम कुठं गेलंच नाही. साइट वाढतच गेली आणि मीही तिथंच. नंतर कारखान्यात ड्रायव्हर म्हणून कायम झालो आणि क्वार्टरसाठी थांबलो. थांबता थांबता मुलगी पाळण्यातून उतरली, चालायला लागली, बोलायला लागली. मी गावी गेलो की ती आत पळायची आणि ओरडायची, "आजी, पाव्हने आले!" सगळे हसायचे. मीही हसायचो. परतीच्या गाडीत मात्र हसू यायचं नाही.

अखेर क्वार्टर मिळालं. दोघींना घ्यायला मी स्टेशनवर गेलो. सायकलरिक्षात मुलगी आईच्या पलीकडच्या बाजूला बसली, माझ्यापासून होईल तितकी लांब. वाटेत खुर्सीपारला कोळशाची सिगडी घ्यायची होती, म्हणून रिक्षा थांबवली. ती खोली समोरच होती. वर दोडक्याचा वेल चढलेला. जाळीच्या खिडकीतून धूर निघत होता. आणि खाली, विटांच्या मधल्या सावलीत, लुगड्याची झोळी बांधून त्यांनी मूल निजवलं होतं. झोळी कोणत्या लोखंडाला बांधली होती ते मी लांबूनच ओळखलं. तीच चेसिस, तोच तडा.

बायको बराच वेळ बघत राहिली.

"हेच का जी, तुमी लिहिलं होतं ते? जाळीवालं?"

"हेच."

"मोडकं होतं म्हनत होते ना."

"मोडकंच आहे. इंजन नाही, चाकं नाही. चालत नाही ते."

तिनं मनगटातला गोट सावकाश फिरवला. "तवा तुमी येनार म्हून हे काढून फडक्यात बांधून ठेवले होते मी. तुमाले द्याले, गाडीच्या पैशासाठी." मग त्या झोळीकडे बघत म्हणाली, "चालत नसंल तर नसंल. मले कुठं जायाचं होतं जी?"

ती रागानं बोलली नव्हती. रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो, इंजिन, गिअर, सगळं पुन्हा सांगितलं असतं. मी उतरलो, सिगडी घेतली आणि पायापाशी ठेवून बसलो. मुलीनं आईच्या आडून मला एकदा बघितलं आणि विचारलं, "आई, हे पाव्हने आपल्या घरी राहनार?"

आई म्हणाली, "हो. आता राहतील."