मिशांचा पुरावा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा मोठा भाऊ सोलापूरच्या एका इस्पितळात अत्यवस्थ होता. डॉक्टरांनी मला फाटकापाशी बोलावून चौदा पानी संमतिपत्र हातात दिलं. बायकांच्या शरीरात जास्त असणारं एक हार्मोन अशा पुरुषांना देऊन पाहायचं होतं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. ‘मानवजातीच्या कल्याणार्थ’ हे शब्द पहिल्याच पानावर दोनदा आले, तेव्हाच माझा संशय बळावला.

वळसंगहून आलेले चुलते म्हणाले, “बाईमाणसाचं औषद? आरं, मिशा गळत्याल की त्येच्या!”

“आमच्या पेशंटला यातलं काय मिळणार?” मी विचारलं.

“ते मलाही कळणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “उपयोग होईल का, तेही माहीत नाही.”

त्या दिवसांत काढा, वाफ, इंजेक्शन, सगळ्यांना सगळंच ठाऊक होतं. माहीत नाही म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी सही केली.

तीन आठवड्यांनी भाऊ घरी आला. चुलत्यांनी आधी त्याच्या मिशा न्याहाळल्या आणि निकाल दिला, “सलाईनच दिलंय रं ह्येला.”

माझ्याकडे याहून चांगला पुरावा आजही नाही.